जबडा मिटवणाऱ्या स्नायूंची नावे : पार्श्वभूमी

विश्वामित्रीच्या काठी ऊन खात पडलेली मगर वडोदऱ्यात कोणाला नवी नाही. तिच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर दिसणारा फुगीर गोळा हा टेरिगॉइड स्नायू असून तिच्या चाव्याचे बरेचसे बळ त्यातच आहे. जबडा उघडणारा स्नायू मात्र दुबळा असतो आणि तो सातव्या कर्परी (थेट मेंदूतून निघणाऱ्या) तंत्रिकेवर चालतो, तर मिटवणारे स्नायू पाचव्या, म्हणजे तीन शाखांच्या ट्रायजेमिनल तंत्रिकेवर. एवढ्यावर कोणाचा आक्षेप नाही. मतभेद आहे तो मिटवणाऱ्या गटाच्या अंतर्गत वाटणीविषयी.

एकोणिसाव्या शतकात मानवी शरीररचनेतील टेम्पोरॅलिस, मॅसेटर, टेरिगॉइड ही नावे सरडे आणि कासवांनाही सर्रास लावली जात, त्यामुळे केवळ नावाच्या साम्यावरून स्नायू समजात, म्हणजे एकाच पूर्वजाच्या एकाच स्नायूपासून आलेले, मानले जात. १९१४ मध्ये तंत्रिकेवर आधारलेली वाटणी मांडली गेली : ट्रायजेमिनलच्या दुसऱ्या व तिसऱ्या शाखेच्या मधला तो बाह्य अॅडक्टर (जबडा मिटवणारा स्नायू), दुसरीच्या पुढचा आणि आतला तो आंतर, आणि तिसरीच्या मागचा तो पश्च. हा नियम आजही पाठ्यपुस्तकांचा पाया आहे, आणि माझ्या मते त्याला त्याच्या योग्यतेपेक्षा अधिक अधिकार मिळाला आहे. तंत्रिकेची वाट प्रत्येक वंशात कायम राहते हे गृहीत धरल्याशिवाय तो चालत नाही. पण शाखांची आणि स्नायूंची परस्परस्थिती बदलू शकते, म्हणजे जे तपासायचे तेच आधी मानावे लागते. सापांच्या तोंडाच्या कोपऱ्याशी जाणारा स्नायू आणि सरड्यांमधला त्याच नावाचा स्नायू समजात आहेत की नाहीत, हा वाद यातूनच लांबला. मगरीतही खालच्या जबड्याच्या पोकळीतला स्नायू कूर्चेच्या गाठीने वरच्या स्नायूला जोडलेला असल्याने तो स्वतंत्र मानावा की त्याचाच पुढचा भाग, यावर एकमत होण्यास फार काळ लागला.

कासवांमध्ये बाह्य अॅडक्टर कवटीच्या एका उंचवट्यावरून कप्पीसारखा वळतो, हा उपाय कासवांच्या दोन मोठ्या वंशांनी कवटीच्या वेगवेगळ्या हाडांवर साधला आहे.

आपल्याकडे हे ज्ञान अनेक वर्षे पाली-सरड्यांच्या विच्छेदनातून हाताला मिळत असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि २०११ पासूनच्या विच्छेदन कमी करण्याच्या सूचनांनी ते उचितच आटले; त्या जागी आयोडीनने रंगवलेल्या नमुन्यांचे सीटी छायांकन आले असून, त्यात स्नायू न कापता तंत्रिकेसह दिसतो. २०२० मध्ये मांडण्यात आले की डायनोसॉरांच्या कवटीच्या छतावरील ज्या खळगीत स्नायू असल्याचे मानले जात असे, ती बहुधा रक्तवाहिन्यांची असावी. अशा ठिकाणी १९१४ चा नियम अपुरा पडतो, कारण जीवाश्मात तंत्रिका उरत नाही, उरते ते तिच्या वाटेचे छिद्र. आणि मगरींमध्ये दुसरी व तिसरी शाखा एकाच छिद्रातून बाहेर पडत असल्याने त्यांच्यामधली सीमा हाडावर वाचता येत नाही.