इंटिग्रेशन टेस्टिंग: स्टबच्या जागी खरे मॉड्यूल येईपर्यंत

सुटे तपासले तेव्हा बिनचूक चाललेले सॉफ्टवेअरचे भाग एकत्र जोडल्यावर का अडखळतात, या प्रश्नातून इंटिग्रेशन टेस्टिंग, म्हणजे जोडणीची चाचणी, आली. सुरुवातीची रीत साधी होती. सगळी मॉड्यूल, म्हणजे हे भाग, तयार होईपर्यंत थांबायचे आणि मग एकदम जोडून प्रोग्राम चालवायचा. याला पुढे ‘बिग बँग’ हे नाव पडले. दहा मॉड्यूल असली की दोन-दोनच्या ४५ जोड्या होऊ शकतात. बिघाड दिसतो एकीकडे, मूळ असते भलतीकडे, आणि एक चूक दुसरीला झाकून ठेवते. तीन-चार मॉड्यूलच्या प्रोग्रामला ही रीत आजही पुरते. त्यापुढे तिच्या वाटेला जाऊ नये.

१९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश येथे नाटोने भरवलेल्या परिषदेत रखडणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांवर उघड चर्चा झाली. त्याच सुमारास आयबीएममध्ये हार्लन मिल्स वरून खाली प्रोग्राम बांधत जाण्याचा आग्रह धरत होते: आधी मुख्य नियंत्रण लिहायचे आणि खालच्या मॉड्यूलच्या जागी तात्पुरते स्टब, म्हणजे ठरलेले उत्तर देणारे नकली तुकडे, ठेवायचे. उलट दिशेने, म्हणजे खालून वर जाताना, वरच्या मॉड्यूलची जागा ड्रायव्हर, म्हणजे खालच्या मॉड्यूलला चालवून पाहणारा तात्पुरता प्रोग्राम, घेतो. वरून गेल्यास प्रोग्रामचा सांगाडा लवकर चालता होतो, पण अवघड हिशेब शेवटी तपासले जातात. खालून गेल्यास पाया पक्का होतो, पण पूर्ण काम उशिरा दिसते. दोन्हीकडून मध्याकडे येणे म्हणजे सँडविच.

दिशा कोणतीही असो, एका वेळी एकच स्टब किंवा ड्रायव्हर काढायचा, तिथे खरे मॉड्यूल बसवायचे आणि आधीच्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायच्या. दोन स्टब एकदम बदलले की तो छोटा बिग बँगच झाला.

खरी अडचण स्टबच्याच आत असते. खात्यातली शिल्लक विचारली की स्टब तत्काळ ५००० हा आकडा देतो. खरे मॉड्यूल खाते बंद असेल तर रिकामे उत्तर देते, कधी तीस सेकंद काहीच बोलत नाही. स्टबमध्ये असते ती लिहिणाऱ्याची समजूत, आणि ती चुकीची असली तरी चाचणी हिरवीच, म्हणजे यशस्वी, दिसते.

याची एक महागडी नोंद ४ जून १९९६ ची आहे. एरियन ५ या युरोपीय रॉकेटचे पहिलेच उड्डाण सुरुवातीपासून ४० सेकंदही न होता संपले. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियन ४ वरून घेतलेले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच जास्त होता. त्याच्याशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही आणि राखीव यंत्रणेसह मुख्य यंत्रणाही बंद पडली. जमिनीवरच्या एकत्रित चाचण्यांत ही यंत्रणा खरी जोडलेलीच नव्हती. तिची जागा सिम्युलेशनने घेतली होती, कारण ती सुटी तपासून मान्य झाली होती. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचे मंगळाकडे गेलेले यान गमावले गेले, तेव्हाही चूक दोन भागांच्या मधलीच होती: एकाने पाउंड-बल सेकंदात आकडे दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक सुमारे ४.४५ पटींचा. म्हणून इंटरफेसच्या, म्हणजे दोन भागांमधल्या सांध्याच्या, करारात फील्डचे नाव आणि प्रकार लिहून भागत नाही. एकक, मर्यादा, रिकाम्या मूल्याचा अर्थ, टाइम झोन हे सगळे लिहावेच लागते.

२००० च्या आसपास एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या कार्यपद्धतीबरोबर कंटिन्युअस इंटिग्रेशन रुळले. जोडणी शेवटचा टप्पा न राहता रोजचे, दिवसातून अनेकदा होणारे काम झाली. मायक्रोसर्व्हिस, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या छोट्या सर्व्हिस, आल्यावर शेजारच्या टीमची सर्व्हिस हाताशी नसते, म्हणून कॉन्ट्रॅक्ट टेस्ट पुढे आल्या: मागणाऱ्याने आपली विनंती आणि अपेक्षित उत्तर फाइलमध्ये नोंदवायचे, देणाऱ्याने आपल्या प्रत्येक बिल्डमध्ये (प्रोग्राम नव्याने तयार करताना) ती फाइल पडताळायची. स्टबची समजूत अशी खऱ्याशी बांधली जाते.

डॉकर हे प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत, चालवण्याचे साधन २०१३ मध्ये आल्यावर डेटाबेसची नक्कल वापरण्याचे कारणही फारसे उरले नाही. चाचणीपुरता खरा डेटाबेस कंटेनरमध्ये उभा करता येतो. मात्र प्रत्येक चाचणीनंतर रोलबॅक करण्याच्या, म्हणजे केलेले बदल मागे घेण्याच्या, सोयीत एक खोच आहे. काही बंधने डेटाबेस कमिटच्या, म्हणजे बदल कायम करण्याच्या, वेळीच तपासतो, त्यामुळे रोलबॅक होणाऱ्या चाचणीला ती चूक कधीच दिसत नाही. काही चाचण्यांत खरा कमिट होऊ द्यावा आणि टेबले चाचणीच्या आधी रिकामी करावीत, नंतर नव्हे. म्हणजे चाचणी फसली तर तिचा डेटा तपासायला जागेवर राहतो.