लैंगिक कामगारांचे हक्क आणि देहविक्रीविषयक कायदे

पैसे घेऊन लैंगिक सेवा देणाऱ्या प्रौढ व्यक्तींना सुरक्षितता, आरोग्यसेवा, न्याय आणि कामगार म्हणून संरक्षण मिळावे, या मागणीतून लैंगिक कामगारांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली. फसवून किंवा जबरदस्तीने धंद्यात ओढणे आणि अल्पवयीनांचे शोषण हे गुन्हेच राहावेत, याबद्दल वाद नाही. प्रौढांनी राजीखुशीने केलेल्या व्यवहारात फौजदारी कायद्याने पडावे का, हा खरा वाद. जून १९७५ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरात पोलिसांच्या जाचाला कंटाळलेल्या स्त्रियांनी एका चर्चमध्ये ठिय्या दिला. युरोपातील चळवळीची सुरुवात बहुधा तेथून मोजली जाते.

धंद्यावर थेट बंदी नसतानाही कायदा तो जीवघेणा कसा करतो, हे कॅनडात दिसले. तेथे देहविक्री गुन्हा नव्हती. पण कुंटणखाना चालवणे, देहविक्रीच्या कमाईवर जगणे आणि सार्वजनिक जागी सौदा ठरवणे हे गुन्हे होते. त्यामुळे रस्त्यावरच्या बाईला गिऱ्हाईक पारखायला उसंत मिळत नसे. पोलिसांची नजर पडण्याआधी गाडीत बसायचे. पैसे, जागा, निरोध यांचे बोलणे नंतर. स्वतःच्या घरी धंदा केला, तर घर कुंटणखाना ठरे. सोबतीला ड्रायव्हर किंवा पहारेकरी ठेवला, तर तो गुन्हेगार. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेडफर्ड खटल्यात ही तिन्ही कलमे एकमताने रद्द केली. सरकारने पुढच्याच वर्षी नवा कायदा आणून गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवले.

गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवण्याची ही वाट मुळात स्वीडनची (१९९९). नंतर नॉर्वे आणि फ्रान्सही तिकडे वळले. मागणी आटली की धंदा आटेल आणि बाईला शिक्षाही होणार नाही, असा समर्थकांचा युक्तिवाद. कागदावर तो पटतो. पण पकडले जाण्याची धास्ती घेतलेले गिऱ्हाईक खरे नाव सांगत नाही आणि भेटीसाठी आडबाजूची जागा मागते. धोका पुन्हा तिच्याच वाट्याला येतो. तरीही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२४ मध्ये फ्रान्सचा कायदा वैध ठरवला.

आरोग्यावरचा परिणाम आणखी उघड आहे. झडतीत सापडलेला निरोध पोलीस पुरावा म्हणून मांडू लागले, की बायका तो जवळ बाळगणेच सोडतात.

न्यूझीलंडने २००३ मध्ये ६० विरुद्ध ५९ अशा काठावरच्या मतांनी हा धंदा फौजदारी कायद्याबाहेर काढला. चौघींपर्यंत मिळून स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्यांना परवाना लागत नाही, आणि आधी होकार दिला असला तरी नंतर नकार देता येतो. २०१४ मध्ये तेथील एका लैंगिक कामगार स्त्रीला कुंटणखान्याच्या चालकाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल २५,००० न्यूझीलंड डॉलर भरपाई मंजूर झाली. जिथे धंदाच गुन्हा, तिथे अशी तक्रार करायला कोण धजावेल? मात्र तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना तेथेही हे काम करण्यास मनाई आहे, आणि चालकाविरुद्ध तोंड उघडले तर हद्दपारीची टांगती तलवार.

जर्मनीने २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली. नाव सरकारदप्तरी जाईल या भीतीने अनेकजणी नोंदणी टाळतात आणि बेकायदा ठरतात. बेल्जियमने डिसेंबर २०२४ पासून नोकरीचा करार असलेल्यांना बाळंतपणाची रजा, निवृत्तिवेतन आणि गिऱ्हाईक नाकारण्याचा हक्क दिला. खोलीत धोक्याच्या वेळी दाबायचे बटण असणेही बंधनकारक केले. स्वतंत्रपणे धंदा करणाऱ्यांना हा कायदा लागू नाही.