टो-बार बसवायच्या आधी एकदा वाचा
ट्रेलर ओढणाऱ्या जर्मन एसयूव्हींच्या मालकांसाठी, आमच्या गॅरेजकडून

पावसाळा सरला की टो-बार, म्हणजे ट्रेलर जोडायचा गाडीमागचा दांडा, बसवून घ्यायला आमच्याकडे ट्रेलरवाले ग्राहक यायला लागतात. कुणाला बोट मालवणला न्यायची असते, कुणाला जेट-स्की धरणावर, कुणाला घोडा, तर कुणाला रेसची मोटरसायकल. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: "आपली गाडी साडेतीन टन ओढते ना?"

३५०० किलोचा आकडा खरा आहे. फोक्सवॅगन टुआरेग, ऑडी क्यू ७, पोर्शे केयेन, मर्सिडीज एमएल आणि जीएलई यांच्या बहुतेक इंजिनांना युरोपात तेवढी मंजुरी आहे. आधीच्या पिढ्यांच्या बीएमडब्ल्यू एक्स ५ ला साधारण २७०० किलो. पण ही मंजुरी स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आहे. बिनब्रेकच्या ट्रेलरला याच गाड्यांची मर्यादा ७५० किलो, आणि आपल्याकडे फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेल्या ट्रेलरांना सहसा ब्रेक नसतात. त्या ७५० मध्ये ट्रेलरचं स्वतःचं वजनही आलं. ३०० किलोचा सांगाडा आणि त्यावर ५०० किलोची बोट म्हटली, की बोटीत पेट्रोल भरायच्या आधीच मर्यादा ओलांडली.

२०१७ मध्ये पोर्शेने पॅरिसच्या विमानतळावर केयेनकडून २८५ टनांचं एअरबस ए३८० ओढून घेतलं होतं. तो व्हिडिओ बरेच जण दाखवतात. ती ओढ सपाट जमिनीवर ४२ मीटरची होती. एप्रिलच्या दुपारी ट्रेलर लावून आंबोली चढताना गिअरबॉक्सच्या तेलावर जी वेळ येते, ती त्या व्हिडिओत कुठेच नाही.

म्हणून टो-बारचं काम हातात घेण्याआधी आम्ही गाडीची वजनांची प्लेट आणि मॅन्युअल बघतो. गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल, हे दोन्हीपैकी कुठेच दिलेलं नसेल तर आम्ही टो-बार बसवत नाही. यावरून काही ग्राहक नाराज होऊन गेले आहेत, तरी हा नियम आम्ही बदललेला नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

टो-बार बाहेरून बसवून आणला जातो, तो बहुतेक वेळा मजबूतच असतो. बिघडतं ते वायरिंग. ट्रेलरचे दिवे लावायला सोपा उपाय म्हणून डिकीतलं कार्पेट बाजूला करून डाव्या टेल लॅम्पची वायर सोलतात, त्यात ट्रेलरची वायर पिळतात आणि वरून काळी टेप गुंडाळतात. जुन्या जीपला हे चालायचं. इथे टेल लॅम्पला वीज देतं ते एक कॉम्प्युटर मॉड्यूल. ते सेकंदाला अनेक वेळा वीज चालू-बंद करत बल्बचा उजेड किती ते ठरवतं आणि बल्ब किती करंट घेतो यावरून तो शाबूत आहे की गेला, हेही तपासत असतं. त्यात तुम्ही ट्रेलरचे २१ वॅटचे बल्ब जोडले की मॉड्यूलचा हिशेब चुकतो. आधी डॅशबोर्डवर बल्बची सूचना येते, मग एखादा दिवा बंद पडतो. ट्रेलरच्या वायरीत पाणी शिरून वारंवार शॉर्ट झालं, तर बीएमडब्ल्यूचं मॉड्यूल ते शॉर्ट मोजून ठेवतं आणि शेवटी ती लाइन कायमची बंद करतं. मग नवा बल्ब टाकून काही उपयोग होत नाही, मॉड्यूलमधली नोंद पुसावी लागते.

ग्राहक येतो तेव्हा तक्रार असते "डावा इंडिकेटर लागत नाही" किंवा "बॅटरी दोन दिवसांत उतरते". टो-बारचा उल्लेख कुणी करत नाही, कारण बार काढून घरी ठेवलेला असतो. आम्ही स्कॅनर लावतो, एकेक लाइन मोजतो, डिकी उघडतो आणि टेपखाली हिरवी पडलेली तांब्याची तार सापडते. गाडी किनाऱ्यावर जाणारी असेल तर हा हिरवा गंज टेपच्या बराच आत चढलेला असतो आणि तेवढा हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) तुकडा बदलावा लागतो. कृपया येताना एवढं जरूर सांगा: गाडीला कधीही टो-बार बसवला होता का, आणि वायर कुणी जोडली होती. आमचा अर्धा दिवस वाचतो, आणि तेवढी मजुरी तुमची वाचते.

यातली मोठी गोष्ट दिव्यांच्या पलीकडची आहे. उतारावर ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागला, तर या गाड्यांचं ईएसपी, म्हणजे गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, चाकांना आळीपाळीने ब्रेक लावून ती डोलणी मोडतं. त्यासाठी मागे ट्रेलर आहे हे गाडीला कळावं लागतं, आणि ते कळतं १३ पिनांच्या सॉकेटमागे असलेल्या ट्रेलर मॉड्यूलमुळे. टेल लॅम्पमधून चोरून घेतलेल्या वायरीवर गाडीला काहीच कळत नाही. रिव्हर्स घेताना पार्किंग सेन्सर ट्रेलरलाच भिंत समजून ओरडत असतील, तर समजा तुमच्या गाडीला ट्रेलर दिसतच नाहीये. आम्ही ट्रेलर मॉड्यूल बसवतो, त्याला बॅटरीपासून फ्यूज टाकून स्वतंत्र लाइन देतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये त्याची नोंद (कोडिंग) करतो. नुसत्या वायर जोडण्यापेक्षा हे महाग पडतं, पण ट्रेलर मागे असताना ईएसपी जागं राहतं ते यामुळेच.

जुनी गाडी घ्यायचीच असेल तर

ओढायला सहा सिलिंडरचं डिझेल घ्या, यात आमचं दुमत नाही. चार सिलिंडरची गाडीही ओढते, पण घाटात सतत जोरावर चालते.

मर्सिडीज एमएल ३५० सीडीआय किंवा जीएलई ३५० डी असेल तर ऑईल कूलरचे (तेल थंड ठेवणाऱ्या भागाचे) सील बदलल्याचं बिल मागा. हा कूलर इंजिनाच्या सिलिंडरांच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत बसतो. सील गळू लागले की वरचं निम्मं इंजिन उकलावं लागतं. सुरुवातीचे सील नारिंगी असत, नंतर जांभळे, व्हिटॉन या जास्त टिकणाऱ्या रबराचे आले. जांभळे टाकल्याचं बिल असेल तर त्या गाडीला आम्ही जास्त पसंती देतो.

ऑडी आणि फोक्सवॅगनचं तीन लिटर डिझेल, तसंच बीएमडब्ल्यूचं एन५७ हे डिझेल इंजिन, यांची टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तिचा खडखडाट फक्त थंड इंजिनावर, पहिले काही सेकंद ऐकू येतो. म्हणूनच तपासणीसाठी आम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतो. विकणारा नेमकी गरम केलेली गाडी दाखवतो. हवेच्या बॅगांवर चालणाऱ्या एअर सस्पेन्शनचंही तसंच. सकाळी एक कोपरा बसलेला दिसला तर तिथली बॅग गळतेय, आणि ती तशीच वापरली तर कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. टोकन देण्याआधी ही तपासणी करून घ्या. नंतर केली तर भाव करायला हातात काही उरत नाही.

"जीएलई चाकणला जोडतात, क्यू ७ छत्रपती संभाजीनगरला, मग पार्ट इतके महाग का?" इथे जोडणी होते, पण बरेच सुटे भाग बाहेरूनच येतात. आम्ही शक्य तिथे मूळ पुरवठादारांचा माल वापरतो, जसं की गिअरबॉक्सला झेडएफ आणि सस्पेन्शनला लेमफोर्डर. कंपनीच्या खोक्यापेक्षा तो सहसा स्वस्त पडतो.

देखभाल

गिअरबॉक्सचं तेल "लाइफटाइम" असतं असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल. यांतल्या अनेक गाड्यांचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला आम्ही ८०,००० पुढे जाऊ देत नाही. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असतानाच भरावी लागते. घाटातून थेट आलेली गाडी त्यासाठी आधी थंड होऊ द्यावी लागते, त्यामुळे हे काम "तासाभरात" होत नाही.

टायर चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे ठेवा. खड्ड्यात एक फुटला म्हणून एकच नवा टाकला की घेरातल्या फरकाचा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर) येतो, आणि पार्किंगमध्ये वळताना गाडी झटके देऊ लागते. जेट्टीच्या उतारावर मागची चाकं खाऱ्या पाण्यात गेली असतील, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने ब्रेक, टो-बार आणि सॉकेट धुऊन काढा. घाट उतरताना गिअर हाताने खालचा ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

टो-बारच्या कामाला दोन दिवस लागतात आणि गाडी आदल्या संध्याकाळी सोडावी लागते. ट्रेलरही सोबत आणा, त्याचे दिवे आम्ही त्याच सॉकेटवर तपासून देतो. ट्रेलरची आरटीओ नोंदणी वेगळी असते, त्याची प्रत आणि गाडीचं मॅन्युअल बरोबर ठेवा.