पहिल्या वीतभर उचलीचं गणित

अमेरिकेत पिकअपच्या मागे जोडायचा सपाट ट्रेलर अनेकांच्या दारात उभा असतो. त्यात माती-खडी भरणं एकवेळ परवडतं, पण फावड्याने उपसून तो रिकामा करताना कंबर जाते. मग घरी वेल्डिंग मशीन असलेल्या हौशी माणसाच्या डोक्यात एक बेत शिजतो. हौद्याला मागच्या बाजूने बिजागऱ्या लावायच्या, खाली लोखंडी कैची, म्हणजे मधोमध पिनेने जोडलेले फुलीसारखे दोन दांडे, बसवायची आणि 12 व्होल्टच्या विंचने, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, कैचीचे पाय एकमेकांकडे ओढायचे. पाय जवळ आले की कैची उभी होते, हौदा तिरका होतो, माल घसरतो.

आपल्याकडे हा खटाटोप सहसा कुणी करत नाही, कारण मुरूम किंवा शेणखताची ट्रॉली ट्रॅक्टरमागे असते आणि ट्रॅक्टरला मुळातच हायड्रॉलिक पंप असतो. नळी जोडायची, दांडा ओढायचा, जॅक ट्रॉली उचलतो. पिकअपला असा पंप नसतो, बॅटरी मात्र असते.

बॅटरीत तेवढा दम असतो का? भरपूर असतो. माल आणि हौदा मिळून 1500 किलो धरू. हौदा 45 अंशांपर्यंत उचलताना या वजनाचा मध्य साधारण एक मीटर वर जातो, म्हणजे सुमारे 15 हजार ज्यूल काम. 60 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 26 लाख ज्यूल साठलेले असतात. विंचच्या गिअरमध्ये निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया गेली तरी बॅटरीला त्याचं काही वाटणार नाही. अडचण ऊर्जेची नाहीच, जोराची आहे. आणि तो जोर सगळ्यात जास्त लागतो सुरुवातीला, कैची आडवी पडलेली असताना.

असं का होतं? आडव्या पडलेल्या कैचीचे पाय सेंटिमीटरभर ओढले की तिचा माथा पाच-सहा सेंटिमीटर वर जातो. अंतरात झालेला हा फायदा जोरात फेडावा लागतो. कैचीचा दांडा जमिनीशी 10 अंशांचा कोन करत असेल, तर माथ्यावरच्या वजनाच्या 5.67 पट ओढ लागते. 15 अंशांना 3.73 पट, 30 अंशांना 1.73 पट, आणि 45 अंशांना वजनाइतकीच. त्यापुढे कैची वजनापेक्षाही कमी ओढीत वर सरकते. अगदी सपाट, शून्य अंशांवरची कैची कितीही ओढा, हलणारच नाही. दांडे वाकतील किंवा दोर तुटेल.

स्टेपनीशेजारी ठेवलेला कैची जॅक याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच की त्यात दोराऐवजी आटे असलेला रॉड असतो.

आता कैची कुठे बसवायची ते पाहू. हौदा तीन मीटर लांब आणि वजनाचा मध्य बिजागरीपासून दीड मीटरवर. कैची सव्वादोन मीटरवर ठेवली तर तरफेच्या नियमाने तिच्यावर 1000 किलोचाच भार येतो. पण 1.2 मीटरचे दांडे 10 अंशांपासून 50 अंशांपर्यंत उघडले, तर माथा जेमतेम 70 सेंटिमीटर वर जातो आणि हौदा फक्त 18 अंशांनी कलतो. तेवढ्या उतारावर ओली माती जागची हलत नाही. तीच कैची बिजागरीपासून एक मीटरवर आणली तर हौदा 45 अंशांच्या आसपास जातो, पण भार होतो 2250 किलो आणि सुरुवातीची ओढ पावणेतेरा टन! बाजारातली 12 हजार पाउंडी, म्हणजे भलीदांडगी विंचसुद्धा साडेपाच टनांच्या आतच ओढते. कप्पी घालून दोर दुहेरी केला तर ओढ दुप्पट होते आणि वेग निम्मा. तरीही पुरत नाही.

मग सगळी कल्पकता सुरुवातीचा कोन वाढवण्यावर खर्च होते. कैची पूर्ण मिटूच द्यायची नाही, हा सगळ्यात सोपा उपाय. 10 ऐवजी 15 अंशांवर थांबवली तर हौदा दहा सेंटिमीटर उंच बसतो, वळणावर ट्रेलर थोडा जास्त कलतो, पण ओढ एक तृतीयांशाने घटते. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. दुसरा उपाय म्हणजे पाचर: ओढला जाणारा रोलर आधी एका उतारावर चढतो आणि हौद्याला पहिली वीतभर उचल देतो, मग कैची काम हाती घेते.

विंचची एक खोच मात्र सहज नजरेतून सुटते. तिच्यावर लिहिलेली ओढ ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची असते. थर चढले की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. विंचबरोबर येणारा दोर बऱ्याचदा वीस-पंचवीस मीटर असतो, आणि इथे तर मीटरभरसुद्धा लागत नाही. म्हणजे सगळं काम वरच्या, कमजोर थरावर. दोर कापून आखूड करावा, फक्त निदान पाच वेढे ड्रमवर कायम राहतील एवढा ठेवावा.

कैचीच्या मधल्या पिनेवरही विंचच्या ओढीइतकाच आडवा जोर येतो, दोन बाजूंना दोन कैच्या असतील तर प्रत्येकीवर निम्मा. म्हणून पिनेला दोन्हीकडून आधार हवा. एकाच बाजूने धरलेली पिन वाकते, मग बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या नळ्या, ढिले होतात आणि कैची पिळवटते.

उतरवतानाचा धोका तर वेगळाच आहे. कैची जॅकचा आटा घर्षणाने जागच्या जागी अडून राहतो. विंच ब्रेकवर अवलंबून असते, आणि गाडी ओढण्यासाठी बनवलेली विंच वजन टांगून धरायला वापरू नका, असं बनवणारेच बजावतात. ओला चिखल हौद्याला चिकटून बसला आणि भरलेला हौदा तसाच खाली घ्यावा लागला, तर कैची जसजशी मिटते तसतशी दोरावरची ओढ वाढत जाते, आणि ती सर्वात जास्त होते तेव्हा ब्रेक आधीच तापलेला असतो. ग्रीस लावायला किंवा अडकलेला दोर सोडवायला हौद्याखाली जायचं तर आधी हौदा रिकामा असावा आणि चासीला बिजागरीने जोडलेला लोखंडी टेकू उभा केलेला असावा. सुटा लाकडी ओंडका चालत नाही. हौद्याचा तळ तिरका असतो, त्यावरून तो निसटतो.