रंगूनची खरी मुलगी

‘मेरा नाम चिन चिन चू’ ऑर्केस्ट्रात वाजलं की आजही लोक खुर्चीत बसल्या बसल्या ताल धरतात. शक्ती सामंत यांच्या ‘हावडा ब्रिज’मधलं (१९५८) हे गाणं. संगीत ओ. पी. नय्यर यांचं, आवाज गीता दत्त यांचा आणि पडद्यावर एकोणीस वर्षांची हेलन, चिनी नर्तकीच्या वेशात.

सिनेमाची गोष्ट सुरू होते ब्रह्मदेशातल्या रंगूनमध्ये. तिथल्या व्यापाऱ्याचा एक मुलगा घरातला मौल्यवान ड्रॅगन घेऊन कलकत्त्याला पळतो, तिथे त्याचा खून होतो आणि दुसरा मुलगा, अशोककुमार, खुन्याच्या मागावर येतो. चिनी खलनायक जॉन चँग झालेत पंजाबचे मदन पुरी. रंगूनचा म्हणून आलेला नायक भागलपूरला जन्मलेला. रंगूनमध्ये खरोखर जन्मलेली हेलन मात्र एका गाण्यापुरती!

तिची स्वतःची गोष्ट कुठल्याही रहस्यपटाच्या तोडीची आहे. वडील अँग्लो-इंडियन, आई बर्मी. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं. युद्धाच्या त्या धामधुमीत हे कुटुंब इतर निर्वासितांबरोबर जंगलातून पायी चालत आसामात पोचलं. हेलन तेव्हा शाळकरी वयाचीही नव्हती. पुढे मुंबईत कुक्कू या अँग्लो-इंडियन नर्तकीने तिला समूहनृत्यांत कामं मिळवून दिली.

खऱ्या कलकत्त्यातली चिनी माणसं बेंटिंक स्ट्रीटवर बूट शिवत, टांगरा भागात कातडी कमावत, सुतारकाम करत, दातांचे दवाखाने चालवत. हिंदी रहस्यपटाला त्यांच्यात दिसला तो टोळीवाला. सिनेमानंतर चारच वर्षांनी, १९६२ च्या भारत-चीन युद्धात, अशाच हजारो भारतीय चिन्यांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं. हे वाचल्यापासून जॉन चँगकडे नुसता खलनायक म्हणून पाहणं मला जमलेलं नाही.

याच सिनेमांत ख्रिस्ती बाईच्या वाट्याला क्लब आला. ‘हावडा ब्रिज’मध्ये एडना झालेली मधुबाला नायिका असल्यामुळे तरून जाते, पण हेलनला ती सवलत नाही. ‘गुमनाम’मधली (१९६५) किटी मरते, ‘तीसरी मंझिल’मधली (१९६६) रुबीही मरते. दारू पिणारी, परक्या पुरुषासोबत नाचणारी बाई घरची सून होऊ शकत नाही, हे लेखकांनी आधीच ठरवून टाकलेलं असे. आणि त्याच क्लबमधल्या गाण्यांचे ट्रम्पेट, सॅक्सोफोन स्टुडिओत वाजवत होते ते बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती वादक. नय्यर यांचे संगीत संयोजक सेबास्टियन डिसोझाही गोव्याचेच. श्रेयनामावलीत यांतली फार थोडी नावं आली.

१९७९ मध्ये महेश भट्ट यांच्या ‘लहू के दो रंग’ या गुन्हेपटात हेलन पुन्हा पूर्वेकडची बाई झाली, हाँगकाँगची सुझी. पण या वेळी तिला प्रेम होतं, मुलगा होता, दुःख होतं. मुलाच्या भूमिकेत सिक्कीमचे डॅनी डेंग्झोंग्पा. ‘चिन चिन चू’नंतर एकवीस वर्षांनी आलेल्या या भूमिकेसाठी हेलनला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं.