कॉम की ईएक्सई? डॉसवर पहिला प्रोग्राम लिहिताना

भाचा खानापूरचा, शिकायला बेळगावात. परवा लॅपटॉपवर फ्रीडॉस (जुन्या डॉस ऑपरेटिंग सिस्टिमचा मोफत अवतार) लावून बसला आणि म्हणाला, "काय ओ मामा, कॉम म्हंजे वेबसाइटचंच की?" नाही. डॉसमधलं कॉम म्हणजे प्रोग्रामच्या फाइलनावाचं शेपूट, वेबसाइटच्या कितीतरी आधीचं. सीपीएम नावाच्या जुन्या सिस्टिममधून ते १९८१ मध्ये डॉसमध्ये आलं. खरा घोळ होतो तो ईएक्सई या दुसऱ्या शेपटाशी, कारण नाव टाइप करून एंटर दाबलं की दोन्ही चालतात.

कॉम फाइलमध्ये तुमच्या प्रोग्रामशिवाय काहीच नसतं. डॉस ती उचलून जशीच्या तशी मेमरीत ठेवतो. तिच्या आधीचे २५६ बाइट डॉसच्या स्वतःच्या नोंदींचे, त्याला पीएसपी म्हणतात. म्हणून तुमचा पहिला बाइट १०० या हेक्स पत्त्यावर बसतो; हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरची मोजणी, तिथे २५६ म्हणजे १००. कोड, डेटा, स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची जागा) सगळं ६४ केबीच्या एकाच सेगमेंटात, म्हणजे मेमरीच्या एकाच तुकड्यात.

हे हाताने करून बघाच. डीबग हे डॉसचं छोटं साधन उघडून 'ए १००' द्या, म्हणजे १०० पासून सूचना लिहिता येतात. डीएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या खणात) १०८, हा मजकुराचा पत्ता; एएचमध्ये ९, म्हणजे 'मजकूर छाप'; मग इंट २१, म्हणजे डॉसला हाक; शेवटी रेट, म्हणजे परत जा: झाले ८ बाइट. लगेच पुढे, म्हणजे १०८ वर, रोमन अक्षरांत 'नमस्कार' आणि डॉलरचं चिन्ह: आणखी ९. फाइलला नाव द्या, सीएक्स रजिस्टरमध्ये लांबी म्हणून ११ भरा आणि फाइल लिहायला 'डब्ल्यू' दाबा. डीबगला हेक्सच कळतं, तिथे १७ म्हणजे ११. सतरा बाइटांचा अख्खा प्रोग्राम! मला आजही याचं अप्रूप वाटतं. डॉलर मात्र विसरू नका, तो दिसेपर्यंत डॉस छापतच राहतो.

ईएक्सईच्या सुरुवातीला एम आणि झेड ही अक्षरं असतात, मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कींची आद्याक्षरं. त्यामागे हेडर: सुरुवात कुठून, स्टॅक कुठे, लोड करताना कोणते पत्ते दुरुस्त करायचे. त्यामुळे प्रोग्राम अनेक सेगमेंटांत पसरू शकतो, ६४ केबीची अट उरत नाही. मायक्रोसॉफ्टचा जुना लिंकर (ईएक्सई जोडून देणारा प्रोग्राम) नुसत्या हेडरलाच ५१२ बाइट घेतो.

भाचा अडकला तो डीएसपाशी, म्हणजे डेटा कोणत्या सेगमेंटात आहे ते सांगणाऱ्या रजिस्टरपाशी. कॉममध्ये चारही सेगमेंट रजिस्टर आपोआप एकाच जागी असतात. ईएक्सई सुरू होते तेव्हा डीएस असतो पीएसपीकडे, तुमच्या डेटाकडे नाही. लॅबच्या वहीतल्या 'अ‍ॅट डेटा' एएक्समध्ये, एएक्स डीएसमध्ये या दोन ओळी डीएसला डेटाकडे वळवण्यासाठीच असतात. त्याने त्या गाळल्या आणि पडद्यावर नुसता कचरा आला. कॉममध्ये 'ऑर्ग १००एच' (पत्ते हेक्स १०० पासून मोज, ही असेंब्लरला सूचना) गाळलं तरी असाच कचरा येतो, कारण पत्ते २५६ ने चुकतात. दोन्ही वेळा छापली जाते ती पीएसपीच.

म्हणून पहिले आठ दिवस कॉमच लिहा. पत्ते बोटांवर मोजता यायला लागले की मग ईएक्सईकडे वळा. फक्त दोन्हींना एकच नाव देऊ नका. एकाच फोल्डरात असल्या तर डॉस आधी कॉम चालवतो. भाच्याने ईएक्सई दुरुस्त केली, तरी अर्धा तास पडद्यावर जुनाच नमस्कार येत होता.