सात वाजताचा भोंगा आणि घरातल्या आवाजाची वेळ

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे ३ हजार वस्तीचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो ऐकून घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, आणि ८.३० वाजता दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे, असे गावाने ठरवले. मोबाइलच्या व्यसनावरचा तोडगा म्हणून या निर्णयाचा बराच गाजावाजा झाला. परंतु घरातला आवाज केव्हा सुरू व्हावा, केव्हा थांबावा आणि हे कोणी ठरवावे, हा त्यामागचा प्रश्न मोबाइलहून पुष्कळ जुना आहे.

घरात यंत्र येण्यापूर्वी बायकांचे गाणे कामाला बांधलेले होते. पहाटेच्या अंधारात दोघी जणी समोरासमोर बसून जात्याचा खुंटा धरत, एका हाताने दाण्यांची वैरण घालत, आणि दगडाच्या घरघरीवर ओवी उचलली जाई; दळण सरले की ओवीही थांबे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, माहेर आहे, पाठीराखा भाऊ आहे, तसाच सासरचा जाच आणि नवऱ्याचा मारही आहे. जी गोष्ट चुलीपाशी किंवा पाणवठ्यावर बोलता येत नसे, ती जात्याला ‘ईश्वरा’ म्हणून हाक मारून सांगता येई. मन हलके करण्याची ही सोय कोणी योजून केलेली नव्हती, आणि पिठाची गिरणी आल्यावर ती कोणाच्या लक्षातही न येता गेली. गिरणीने खांदे आणि कंबर वाचवली, त्यामुळे जाते परत यावे असे ज्यांनी ते ओढले त्यांतली क्वचितच एखादी म्हणेल. पण गाणारीची जागा ऐकणारीने घेतली, ती तेव्हापासूनच.

ऐकण्याचे मुख्य साधन रेडिओ झाले. मुंबईचे केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झाले होते, पुण्याचे ऑक्टोबर १९५३ मध्ये. व्हॉल्व्हचा संच तापायला थोडा वेळ घेई, त्याच्यावर विणलेला रुमाल असे, आणि तो घरात ठेवायचा तर पोस्टात शुल्क भरून दरवर्षी परवाना घ्यावा लागे. आकाशवाणीच्या भाषेत दिवसाच्या प्रसारणाचे भाग म्हणजे ‘सभा’. पहिली सभा पहाटे त्या ओळखीच्या धूनने सुरू होई, मध्ये प्रसारण थांबे, आणि रात्रीची सभा संपल्याचे निवेदिकेने सांगितले की घरही निजायला लागे. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या पुण्याच्या बातम्यांवर डबे भरले जात आणि शाळेची दप्तरे उचलली जात. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने गीतरामायण प्रसारित केले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात वर्षभर येत राहिली, आणि त्या वेळी संचाला फुले वाहिल्याच्या आठवणी अनेक घरांत आजही सांगितल्या जातात. पुढच्या गाण्यासाठी थांबावेच लागे, आणि त्या थांबण्यातही गोडी होती.

घरी काय ऐकले जावे याची सरकारी चिंताही याच काळातली. केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर हे मूळचे पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. १९५२ मध्ये त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीला नमते घ्यावे लागले. ती चिंता अभिरुचीची होती. झोप, कान किंवा मुलांचे बोलणे यांचा विचार तीत नव्हता. वरून घातलेली बंदी घरातल्या काट्यापुढे टिकत नाही, एवढे मात्र त्या प्रकरणातून दिसून आले.

दूरचित्रवाणी मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. तिचे प्रसारणही सुरुवातीला मोजक्या तासांचे होते. कार्यक्रम संपले की लाकडी पेटीची सरकती दारे लावायची, असे संच तेव्हा मिळत, आणि मला तरी ते दार फार अर्थपूर्ण वाटते, कारण बंद झालेला टीव्ही त्यामुळे निव्वळ कपाट होऊन जाई. कॅसेटने १९८० च्या दशकात ज्याला जे हवे ते हवे तेव्हा ऐकण्याची मुभा दिली. १९९० च्या दशकात केबल आली आणि दिवसाचा शेवट नावाची गोष्ट प्रसारणातून नाहीशी झाली. संध्याकाळच्या मालिकांनी जेवणाची वेळ स्वतःकडे ओढून घेतली. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला तेव्हा एका खोलीत चार माणसे आणि चार वेगळे आवाज अशी स्थिती आली, आणि इअरफोनमुळे ते आवाज एकमेकांना ऐकूही येईनासे झाले.

या बदलाचे शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतात, याचा अभ्यास मागाहून झाला. संथ संगीताने निद्रानाश असलेल्यांची झोप सुधारू शकते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणांत आढळले आहे. म्हणजे रात्रीचे गाणे मुळात वाईट नव्हे. रात्री डोळ्यांसमोर धरलेल्या पडद्याचा प्रकाश मात्र झोपेची चाहूल देणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाला मागे ढकलतो. कोणी पाहत नसलेला टीव्ही नुसता चालू असला तरी आईवडील लहान मुलांशी कमी बोलतात, हे निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण आपल्याकडे ‘सोबत’ म्हणून टीव्ही लावून ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे, २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी ही वेळ एका तासाच्या आत असावी, आणि मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, अशा मर्यादा सांगितल्या.

वडगावात निमित्त झाले ते करोनाकाळाचे. शाळाच मोबाइलवर भरल्यामुळे तो मुलांच्या हातात गेला, आणि वर्ग पुन्हा सुरू झाले तरी हातातून सुटेना. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला तेव्हा सुरुवातीला पुरुषांनी तो हसण्यावारी नेला. बायकांनी मात्र एकत्र बसून, मालिका आपणही फार पाहतो हे कबूल केले आणि भोंग्याला संमती दिली. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावत राहिले. संध्याकाळी ७ ची वेळ दिवेलागणीच्या लगतची. शुभंकरोती झाल्यावर पाढे आणि परवचा म्हणण्याची वेळ जुन्या घरांत साधारण हीच असे. ८.३० नंतर काय पाहायचे किंवा ऐकायचे, हे भोंगा सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे.